स्तुती न सोसणारी वही

टार्बेल हॉलोच्या वाचनालयात पुस्तक नुसतं परत करून चालत नसे. शेवटच्या पानाच्या आत एक लांब कागद चिकटवलेला असे. त्यावर आपलं मत लिहायचं, खाली सही ठोकायची आणि मगच घरी जायचं. कागदाच्या माथ्यावर छापलेलं असे : 'खरे तेच लिहावे.' शंभर वर्षांपूर्वीच्या कुणा कडक पाद्र्याचा हा नियम. गावानं पाद्र्याचं नाव विसरून टाकलं, नियम मात्र सोडला नाही. त्यामुळे चर्चच्या दारात एकमेकांना लवून नमस्कार करणारी माणसं पुस्तकांच्या पाठीमागे एकमेकांची सालं काढत. 'हार्लनला हे आवडले, यातच सर्व आले.' खाली डेल्फीनची सही. त्याखाली हार्लनचं उत्तर : 'डेल्फीनने हे शेवटपर्यंत वाचलेले नाही. चहाचा डाग पान वीसच्या पुढे जात नाही.'

अल्मायरा टटल चाळीस वर्षं या वाचनालयाची ग्रंथपाल होती आणि त्या कागदावर तिनं एकदाही खोटं लिहिलं नव्हतं. सख्ख्या मावसबहिणीनं पाकपुस्तक छापलं, तेव्हा अल्मायरानं त्यात लिहिलं होतं, 'पान बाराचा केक करून पाहिला. कुत्रा हुंगून निघून गेला.' बहीण सात वर्षं बोलत नव्हती. अल्मायराला त्याचं वाईट वाटलं, पण तिनं ओळ खोडली नाही.

गावाला एकच कवी होता, आणि तेवढा एक गावाला पुरून उरला होता. जोसाया फार्नम लेलँड. शाळेला त्याचं नाव, पुलाला त्याचं नाव, गावच्या चीजच्या वेष्टनावरसुद्धा त्याची दाढी. चौकात त्याचा पुतळा होता आणि वर्षातले पाच महिने तो डोक्यावर बर्फाची टोपी घालून उभा असे. निवृत्त शाळामास्तर एनॉक प्रेंटिस यांना लेलँड अख्खा पाठ होता. मास्तरांना कुठल्याही विषयावर मत असे आणि ते विचारावं लागत नसे. अमेरिकेत कवी किती झाले, असं कुणी विचारलं तर ते म्हणत, "दीड." लेलँड एक, अर्धा कोण, ते त्यांनी कधी सांगितलं नाही.

त्या जानेवारीत बर्फाच्या ओझ्यानं वाचनालयाचं छप्पर गळायला लागलं. गावच्या रस्त्यांवरचा बर्फ उपसण्यात ज्याचा जन्म गेला तो हार्लन पाइक शिडी लावून माळ्यावर चढला आणि तुळईमागून पिठाची एक जुनी पिशवी घेऊन उतरला. पिशवीत वही होती. पुठ्ठ्याला भिंतीचा फुलाफुलांचा कागद लावलेला, शिवण कोंबडी बांधायच्या दोऱ्याची, आणि अक्षर निळं. शाई नव्हे, कपड्यांना घालतात ती नीळ. पहिल्या पानावर नाव होतं : टेंपरन्स डोन.

नाव गावाला ठाऊक होतं, पण तेवढंच. लेलँडच्या घरी कामाला असलेली मुलगी. कबरस्तानाच्या खालच्या कोपऱ्यात, ओलीच्या बाजूला, तिचा वीतभर दगड होता.

वहीत चाळीस पानं, पानागणिक एक कविता. मागे मताचा कागदही होता आणि त्यावर एकाच माणसाचं अक्षर. ते ओळखायला मास्तरांना चष्मासुद्धा लागला नाही. 'पान ३ : उत्तम. पान ९ : अत्युत्तम. पान १४ : हे मला सुचले असते तर! — जो. फा. ले.'

पान तीन, नऊ आणि चौदा कोरी होती. खरवडलेली नाहीत, फाडलेली नाहीत. नुकत्याच धुऊन पिळलेल्या चादरीसारखी, हाताला किंचित ओलसर. आणि राखेच्या साबणाचा वास येत होता.

दर गुरुवारी दुपारी तीनला वाचनालयाच्या शेगडीपाशी चौघं बसत : अल्मायरा, मास्तर, हार्लन आणि डेल्फीन बूशे. डेल्फीनचं माहेर क्वेबेकचं, सासर गावाबाहेरच्या गोठ्यावर, आणि हात अठरा गायींचं दूध काढून काढून लोहारासारखे झालेले. वही आळीपाळीनं आठवडाभर घरी न्यायची असं ठरलं. पहिली पाळी डेल्फीनची.

पुढच्या गुरुवारी ती आली ती नाक लाल करून. पान सातवरची गायीची कविता वाचून घळाघळा रडले, असं तिनं कागदावर लिहिलं, सही केली आणि ती कविता सगळ्यांना दाखवावी म्हणून पान उघडलं. पान कोरं होतं. ओलसर. डेल्फीननं ती कविता तोंडानं म्हणायचा प्रयत्न केला. आपण रडलो हे तिला आठवत होतं, रडता रडता किटली जळाली हेही आठवत होतं. कवितेतला एकही शब्द आठवेना.

हार्लन म्हणाला, वय झालं की असं होतं. त्यानं वही घरी नेली. पान बावीसवर बर्फात वाट काढण्याची कविता होती. ती त्यानं बायकोकडून टाइपसुद्धा करून घेतली. मग मत लिहिलं, 'फावडं न धरलेल्याला हे लिहिता यायचं नाही. झकास.' गुरुवारी पान बावीस कोरं. बायकोनं टाइप केलेला कागद कोरा. वर नुसता बावीसचा आकडा. हार्लनचा चेहरा असा झाला की डेल्फीननं वय काढायची आलेली संधी सोडून दिली.

तिसरी पाळी मास्तरांची. त्यांनी वही एका रात्रीत परत आणली. 'स्वयंपाकघरातली यमके. चुलीत घालण्यास योग्य.' सही ठसठशीत. वहीतलं एकही अक्षर गेलं नव्हतं. उलट नीळ जरा गडद झाल्यासारखी दिसत होती.

कोडं उलगडलं डेल्फीननं. चौदाव्या वर्षी ती स्वतः मोठ्या घरी कामाला राहिलेली.

"मी तिथं एक रुमाल विणला होता," ती म्हणाली. "मालकीणबाई म्हणाल्या, छान आहे गं. दुसऱ्या दिवशी तो त्यांच्या टेबलावर. मग एक टोपली केली. छान आहे गं. तीही वर गेली. पुढं पुढं कुणी छान म्हणालं की मी वस्तू एप्रनखाली लपवायची. हिच्या तीन लेलँडसाहेबांनी अशाच वाखाणून नेल्या, तेव्हा या पोरीनंही तेच शिकून घेतलंय. तिची कविता कुणी वाखाणली की ती चालली, एवढंच तिला ठाऊक."

मास्तर ताठ झाले. लेलँडवर असला आळ घेणाऱ्या माणसाबरोबर आपण एका शेगडीपाशी बसणार नाही, असं त्यांनी सांगितलं आणि ते बसून राहिले, कारण दुसरी शेगडी नव्हती.

हार्लननं लेलँडचा जाडा ग्रंथ काढला आणि शाळेत प्रत्येकाला घोकावी लागलेली ती कविता उघडली : पहाटे पीठ मळणारे हात, बोटांच्या सांध्यांत बसलेली थंडी, भेगांत झोंबणारं मीठ.

"मास्तर," तो मऊ आवाजात म्हणाला, "लेलँडसाहेबांनी जन्मात कधी पीठ मळलं होतं?"

मास्तरांना त्यावर मत देता आलं नाही. असं पूर्वी झालेलं कुणाला आठवत नव्हतं.

आता वही वाचवायची तर तिला नावं ठेवायची, एवढं उघड होतं, आणि नावं ठेवण्यात गाव कुणाला हार जाणारं नव्हतं. डेल्फीनला पान अठरावरचं अंगाईगीत जिवापाड आवडलं होतं. तिनं दातओठ खात लिहिलं, 'सासूच्या वाटाण्याच्या सुपापेक्षाही बेचव.' सकाळी पान अठरा कोरं. वहीला फसवता येत नव्हतं. मनात आहे तोवर ती काही बोलत नसे. पण आवडल्याची गोष्ट एकदा कागदावर आली, की ती कुठल्याही वेषात येवो, वही तिला ओळखायची.

हे सगळं चाललं असताना अल्मायराची पाळी येऊन गेली होती आणि कागदावर तिची ओळ नव्हती. चाळीस वर्षांत पहिल्यांदाच ग्रंथपालबाईंनी नियम मोडला होता, आणि त्याला कारण पान एकतीस.

कविता लहान होती. कुणीतरी पहाटे तळ्यावर गेलंय. दारापासून बर्फात पावलं उमटलीत, सगळी जाणारी. बाई दिवसभर खिडकीशी उभी आहे. संध्याकाळी नवा बर्फ पडायला लागतो, तेव्हा ती अंगावरची शाल काढून धावत जाते आणि शेवटच्या पावलावर पांघरवते; निदान एक तरी बुजू नये म्हणून.

एकोणतीस वर्षांपूर्वी मार्चच्या शेवटच्या आठवड्यात तिचा नवरा वॉल्टर तळ्यावर मासे धरायला गेला होता. बर्फाला भोक पाडून, वर लाकडी खोपटं ठेवून, आत गळ टाकून बसायचं, तशी तिथली रीत. अल्मायरा दुपारी डबा घेऊन गेली तेव्हा त्याची पावलं, डावं नेहमीसारखं किंचित आत वळलेलं, खोपट्यापर्यंत जात होती आणि खोपटं नव्हतं. त्या जागी काळं पाणी होतं. तिनं स्वतःची शाल काढली होती. हे तिनं कुणालाही सांगितलं नव्हतं. पाद्र्याला नाही, डेल्फीनला नाही. आणि शंभर वर्षांपूर्वी मेलेल्या एका मोलकरणीनं ते निळीनं लिहून ठेवलं होतं.

अल्मायरा रोज संध्याकाळी दार लावायच्या आधी तेवढं पान वाची. चांगलं आहे, असं मनाशी म्हणायलाही भी. नुसतं वाची आणि वही मिटून ठेवी.

फेब्रुवारी संपता संपता बॉस्टनहून पत्र आलं. डॉक्टर क्विन्सी हेडली. विसरलेले कवी शोधून काढणं हा त्यांचा धंदा. त्यांची प्रस्तावना लागली की मेलेला कवी उठून बसतो, अशी त्यांची ख्याती. कोडं उलगडायच्या आधी, रडण्याच्या भरात, डेल्फीननंच त्यांना कळवून टाकलं होतं. मार्चच्या दुसऱ्या गुरुवारी येतो, वही पाहतो, प्रस्तावनेला तिथंच हात घालतो, असं त्यांनी लिहिलं होतं. पत्रात 'अलौकिक' हा शब्द तीनदा होता, आणि तोही वही न बघता.

अल्मायरानं पत्राची घडी घातली. तो माणूस संध्याकाळपर्यंत चाळीस पानं धुऊन काढणार होता. पान एकतीस जाईल. आणि पान गेलं की तिला शब्दही आठवणार नाहीत. आपण काहीतरी वाचत होतो एवढंच उरेल. पावलावर शाल कुणी पांघरवली होती, ते पुन्हा तिला एकटीला माहीत.

त्यावर कडी म्हणजे मास्तर वही मागायला आले. दोन आठवड्यांसाठी, रीतसर, कार्ड पुढे करून. त्यांचा डाव तिला चेहऱ्यावरच दिसला. एक मोलकरीण बॉस्टनच्या पंडितापुढे लेलँडच्या शेजारी बसणार, त्यापेक्षा आपणच स्तुती करून वही साफ केलेली बरी. पण कार्डधारकाला पुस्तक नाकारायचं नाही, हाही नियमच. अल्मायरानं तारखेचा शिक्का उचलला. तारीख दोनदा उमटली.

दोन आठवडे ती वाचनालय उघडत होती, बंद करत होती, आणि मधलं काही तिच्या ध्यानात राहत नव्हतं.

परतीच्या दिवशी, म्हणजे हेडली यायच्या आदल्या दुपारी, मास्तर आले. वही त्यांनी कोटाच्या आत, छातीशी धरली होती. टेबलावर ठेवली आणि टोपी काढायची विसरून समोर बसले. अल्मायरानं मागचा कागद पाहिला. मास्तरांनी पानागणिक लिहिलं होतं : 'सुरेख.' 'अप्रतिम.' 'लेलँडच्या तोडीचे.' ती पानं उलटू लागली. एक, दोन, चार, पाच. सगळी जागच्या जागी. आधीच कोरी झालेली सहा पानं सोडली तर एक स्वल्पविरामसुद्धा हलला नव्हता. खोटी निंदा चालली नव्हती, तशीच खोटी स्तुतीही.

एकतीसपाशी ती थांबली. पान होतं. कागदावर मात्र तीसनंतर एकदम बत्तीस होतं.

"एकतीसवर काही लिहिलं नाहीत," ती म्हणाली.

मास्तरांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"मिसेस टटल, त्या दिवशी सकाळी वॉल्टर माझ्या फाटकाशी थांबला होता. विचारत होता, तळ्यावरचा बर्फ अजून वजन धरेल का. मी लेलँड वाचत होतो. बाहेरसुद्धा आलो नाही. खिडकीतूनच सांगितलं, आणखी आठ दिवस बर्फाला काही होत नाही. अगदी ठामपणे सांगितलं."

शेगडीत लाकूड सरकलं. एकोणतीस वर्षं हा माणूस दर गुरुवारी अल्मायरासमोर बसून साऱ्या जगावर मतं देत होता. ती मतं कशावर पांघरूण घालत होती, ते तिला आत्ता कळलं. ती उठली. वाटलं, याला दार दाखवावं. दाराशी गेलीसुद्धा. बाहेर पुतळ्याच्या टोपीवर नवा बर्फ साचत होता.

"ते पान जाऊ देऊ नका," मास्तर मागून म्हणाले. "मी दुसरं काही म्हणत नाही. ते कसं आहे, तेही म्हणत नाही."

"मी विचारतही नाही," अल्मायरा म्हणाली.

ती परत आली आणि टेबलाचा खालचा खण उघडला. त्यात एक जाड लाकडी शिक्का होता. दहा वर्षांत ज्याला कुणी हात लावला नाही, किंवा ग्रंथपालाला जे ठेवायचं नाही, त्या पुस्तकावर तो मारायचा, 'रद्द', आणि पुस्तक ओसरीवरच्या बाकावर ठेवायचं. ज्याला हवं त्यानं न्यावं. एकदा तो बसला की ते पुस्तक वाचनालयाचं राहत नाही. लपवाछपवी नाही, खोटं नाही. अल्मायरानं पहिल्या पानावर, टेंपरन्सच्या नावाच्या खाली, शिक्का मारला. चाळीस वर्षांत इतक्या हळू हातानं तिनं तो कधी मारला नव्हता.

वही तिनं ओसरीवर नेऊन ठेवली. मास्तर मागोमाग आले, इकडेतिकडे पाहिलं आणि वाटेवर पडलेलं मोज्यांचा जोड उचलावा तशी ती कोटात घातली. गावात कुणी काही पाहिलं नाही. म्हणजे हार्लननं समोरून पाहिलं, पण त्यानं लगेच फावडं उचललं आणि जिथं बर्फ नव्हता तिथला बर्फ काढायला लागला.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर हेडली आले. उंच, पातळ, गळ्यात लाल मफलर. अल्मायरानं सरळ सांगितलं की वाचनालयात असं पुस्तक नाही. होतं का? होतं. कालपर्यंत होतं, ते रद्द केलं. हेडलींचा जीव कासावीस झाला. निदान कविता कशा होत्या, तेवढं तरी बाईंनी सांगावं.

शेगडीपाशी चौघंही होती. डेल्फीननं शिवण खाली ठेवली. अल्मायरानं शेगडीवरचं पाकाचं भांडं उतरवलं.

"तुम्ही ताज्या बर्फावर मॅपलचा गरम पाक ओतून खाल्लाय का कधी?" ती म्हणाली. "सोबत आंबट काकडी लागते. नाहीतर गोड सोसत नाही."

डॉक्टरांनी खाल्लं, काकडीही खाल्ली, आणि जाताना पुस्तकांच्या मागचे मतांचे कागद वाचत बसले. शंभर वर्षांची ती भांडणं पाहून ते असे हरखले की टेंपरन्सला विसरले. तीन वह्या भरून ते बॉस्टनला गेले. त्यांचा पुढचा ग्रंथ टार्बेल हॉलोच्या शिव्यांवर निघाला, आणि गावाला त्याचा फार अभिमान वाटला.

त्यानंतर रोज संध्याकाळी, वाचनालय रिकामं झालं की मास्तर कोटातून वही काढत. पान एकतीस उघडून टेबलावर ठेवत. अल्मायरा वाची. मग वही त्यांच्याकडे फिरवी, ते वाचत. वही मिटे. कुणी अवाक्षर काढत नसे. मास्तर बर्फाबद्दल पुन्हा बोलले नाहीत, आणि तिनं क्षमा केली की नाही, तेही कुणी विचारलं नाही. पण एप्रिलपर्यंत थांबा, मग दोघांसाठी चहा टाकीन, असं ती एकदा म्हणाली होती.

मार्चचा शेवटचा गुरुवार आला. दुपारभर बर्फ पडला आणि चारच्या सुमाराला थांबला. मास्तरांनी वही उघडली आणि टेबलावर न ठेवता तशीच हातात धरून राहिले. अल्मायरानं ती त्यांच्या बोटांतून सोडवून घेतली.

कवितेच्या खाली, कालपर्यंत जिथं कोरं होतं तिथं, एक ओळ होती. नीळ अजून ओली होती. साबणाचा वास इतका दाट होता, जणू खोलीत कुणी आत्ताच हात धुतलेत. ओळीत एवढंच होतं, की शाल अजून गरम आहे.

बाहेर ओसरीच्या पायरीवर काहीतरी वाजलं. बुटांचा बर्फ झाडताना वाजतं तसं, दोनदा.

अल्मायरानं दार उघडलं. ओसरीवर कुणी नव्हतं. समोर नवा, न तुडवलेला बर्फ तळ्यापर्यंत पसरलेला, आणि त्यावर पावलं. तळ्याच्या काठापासून, पुतळ्याला वळसा घालून, पायऱ्या चढून, थेट उंबऱ्याशी. मोठे बूट, डावं पाऊल किंचित आत वळलेलं. चाळीस घरांच्या गावात तसं एकच पाऊल होतं. सगळी येणारी. परत जाणारं एकही नाही.

मास्तर तिच्या खांद्यामागून बघत होते. त्यांचा श्वास तिला ऐकू आला. मग ओठ सुटल्याचा तो आवाज, जो मत द्यायच्या आधी त्यांच्या तोंडून हमखास यायचा. अल्मायरानं मागं न बघताच बोट ओठांवर ठेवलं.

एनॉक प्रेंटिस यांनी तोंड मिटलं.

तिनं दार लावून घेतलं, बाहेरून नव्हे, आतून. मग फडताळाशी गेली आणि चहाचे पेले काढून टेबलावर मांडले. एप्रिलला अजून सहा दिवस होते, तरीही. पेले तीन होते.